स्पीकर घ्या, पण आधी नळे आणि बाबांच्या कॅसेटी

म्हार्दोळजवळच्या एका वाचकांचं पत्र शिमग्याच्या दिवसांत आलं. ते उच्च माध्यमिक विद्यालयात शिक्षक आहेत, वय ४४. पत्नी खाजगी नोकरीत, मुलगी अकरावीत, आई ७४ वर्षांच्या. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ६ हजार. घरखर्च ६१ हजार, गाडीचा हप्ता ११,४०० (अजून २० महिने), एसआयपी १२ हजार, विमा आणि मुलीची शिकवणी ६ हजार. बँकेत ७ लाखांची मुदत ठेव, म्युच्युअल फंडात ५ लाख २० हजार. घर वडिलोपार्जित, चिऱ्यांचं, छपरावर नळे, म्हणजे कौलं. छपराच्या दुरुस्तीला सुताराने २ लाख ४० हजार सांगितलेत.

पर्वरीतले एक गृहस्थ गोवा सोडून चाललेत. त्यांच्याकडे दहा वर्षं वापरलेली मोठ्या स्पीकरची जोडी आहे. एकेक स्पीकर चार फूट उंच, १७ इंच रुंद, २२ इंच खोल आणि ६२ किलो वजनाचा. जोडीचे ४ लाख ८० हजार आणि अँप्लिफायरचे १ लाख २० हजार, असे सहा लाख मागतात. वाचकांचा बेत असा: तीन लाख ठेव मोडून, तीन लाख वैयक्तिक कर्ज काढून. पत्नीचं म्हणणं, कर्ज नको. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलंय, "बाबा जत्रेच्या नाटकांत गायचे. त्यांच्या चाळीसेक कॅसेटी आहेत. त्यातलं एक पद आईला एकदा नीट ऐकवायचंय."

नमस्कार सर,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकडे बघितले, दुसऱ्यांदा शेवटच्या तीन ओळी. चैनीची वस्तू म्हणून ही मागणी बाजूला सारणारा सल्लागार मी नाही. ज्या फोंडा तालुक्याने केसरबाई केरकर आणि दीनानाथ मंगेशकर दिले, तिथल्या घरात चांगलं ऐकायची ओढ असणं हे त्या घराच्या वळणातलंच आहे. तेव्हा स्पीकर घ्यावेत की नाही, हा वाद मी घालत नाही. या महिन्यात, या पैशांतून आणि या क्रमाने घ्यावेत का, एवढंच बघतो. माझं उत्तर नाही असं आहे.

आधी ती सात लाखांची ठेव. तुमची नोकरी कायमची आहे, पण घरात ७४ वर्षांच्या आई आहेत, म्हणून पाच महिन्यांचा खर्च तरी हाताशी हवाच. हप्ता आणि विमा धरून तुमचा महिना ७८,४०० चा, म्हणजे ३ लाख ९२ हजार झाले. छपराचे २ लाख ४० हजार वजा करा. मोकळे उरतात ६८ हजार. तुम्ही ज्यातून तीन लाख काढायला निघालात, त्या ठेवीतला मोकळा पैसा एवढाच. छप्पर पुढच्या वर्षावर ढकललंत तर स्पीकर गळक्या छपराखाली येतील. लाकडी पेटीच्या वस्तूला याहून वाईट जागा नाही.

कर्जाचं सांगायला वेळ लागत नाही. साडेबारा टक्क्यांनी तीन लाख, चार वर्षं: हप्ता सुमारे ७,९७५ आणि व्याज सुमारे ८३ हजार. महिन्याला तुमचे १५,६०० उरतात, त्यातले अर्धे चार वर्षं अडकतील आणि नेमकी त्याच काळात मुलगी कॉलेजात जाईल. दुकानातून नवी जोडी "बिनव्याजी हप्त्यांवर" घेण्याचा पर्याय तुम्ही जाता जाता लिहिलाय. तो मनातून काढून टाका. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलंय. रोखीवर मिळाली असती ती सूट गेलेली असते, किंवा प्रक्रिया शुल्क लावलेलं असतं.

म्युच्युअल फंडाला हात लावू नका, तो मुलीचा आहे. मात्र तिला ते पैसे सव्वा वर्षात लागणार असतील तर शेअरबाजारात ठेवूही नका. इक्विटी फंडातल्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यावर साडेबारा टक्के. म्हणून थोडे युनिट ३१ मार्चच्या आत आणि उरलेले एप्रिलनंतर विकून ठेवीत टाका, दोन वर्षांची सवलत पदरात पडेल.

वहिनींबद्दलही सांगतो. गोव्यातल्या आपल्या नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक असते. प्राप्तिकरातही त्याची दखल आहे: पगार ज्याचा त्याला, पण ठेवीवरचं व्याज दोघांच्या विवरणपत्रांत अर्धं अर्धं दाखवायचं. म्हणजे या ठेवीत त्यांचा अर्धा वाटा आहे. त्यांचा नकार कर्जाला आहे, स्पीकरला नाही. पत्रात तसं स्पष्ट आहे, पुन्हा वाचून बघा.

आता घराकडे येतो. मोठ्या स्पीकरच्या व्यवहारात लोक सर्वांत जास्त फसतात ते इथे.

तुम्ही स्पीकर माडीवर ठेवायचं म्हणता, जिना २८ इंचांचा आणि मध्ये वळण. स्पीकर १७ बाय २२ इंचांचा, म्हणून कागदावर जातो. पण ६२ किलोची चार फुटी पेटी वळणावर तिरकी करावी लागते, दोन्ही बाजूंना धरणाऱ्या माणसांचे हात हवेत आणि पाय ठेवायला जागाही हवी. वजन पेटीभर सारखं नसतं. चुंबकामुळे काही ठिकाणी ती अनपेक्षित जड लागते आणि हातातून निसटू पाहते. म्हापशाच्या एका ओळखीच्या घरात मी हे डोळ्यांनी पाहिलंय. जिन्याच्या वळणावर चौघे अडकले, पेटी ना वर ना खाली, आणि शेवटी भिंतीला टेकवताना पुढच्या जाळीवर कुणाचा तरी अंगठा पडला. वरच्या घुमटासारख्या छोट्या ट्वीटरला, म्हणजे उंच स्वर काढणाऱ्या भागाला, एवढी खोल चेप बसली की तो बदलावाच लागला. म्हणून बोलणी पुढे नेण्याआधी फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तेवढ्याच मापाचं खोकं करा आणि दोघांनी ते बाहेरच्या पाच पायऱ्यांपासून ठेवायच्या जागेपर्यंत नेऊन बघा. अर्ध्या तासाचं काम आहे, खर्च चिकटपट्टीचा.

आणि सर, माडीवर कशाला? आईंना ऐकवायचंय ना? तुम्हीच लिहिलंय की गुडघ्यांमुळे त्या दोन वर्षांत माडी चढल्या नाहीत.

मग उरते खालची खोली, १२ बाय १६ ची. चवथीला गणपती तिथेच बसतो, वर माटोळी (फळा-पानांनी सजवलेली चौकट) बांधतात. म्हणजे दर वर्षी दोन्ही पेट्या हलवायच्या, त्याही भर पावसाळ्यात आणि घर पाहुण्यांनी भरलेलं असताना. कुठे हलवायच्या ते आधी ठरवा. शिवाय असे स्पीकर भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे ठेवावे लागतात, त्यामुळे बारा फुटी खोलीत बसायची जागा किती उरते तेही बघा. खर्जाच्या स्वराची लाट लांब असते. सेकंदाला ४० कंपनं असलेल्या ध्वनीची एक लाट सुमारे २८ फुटांची होते. सोळा फुटी खोलीत असा खर्ज कोपऱ्यात घुमतो आणि मधल्या खुर्चीवर पोकळ लागतो. सहा लाखांचे स्पीकर आणि तक्रार मात्र खोलीची, असं होतं. नळ्यांच्या छपरातून आवाज बाहेरही जातो. निवासी भागात नियमाने दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल एवढीच मुभा आहे.

दमटपणा तर तुम्हाला मी सांगायला नको. जून ते सप्टेंबर चामड्याच्या चपलेवर बुरशी चढते त्याच हवेत या पेट्या राहणार. पर्वरीला जाल तेव्हा पुढची जाळी काढायला सांगा आणि मोठ्या शंकूच्या कडेची पट्टी बोटाने हलकेच दाबा. पट्टी रबराची असेल तर लवचिक लागेल. फोमची असेल आणि बोटाच्या टोकाला काळा भुगा चिकटला, तर ती पट्टी संपलेली आहे. फोम दहा-पंधरा वर्षांत कुजतोच, आपल्याकडे लवकर. पट्टी बदलता येते, पण चांगला कारागीर शोधून. पेटीच्या आत खर्ज आणि उंच स्वर वेगवेगळे वाटून देणारं सर्किट असतं, त्यावरचे कपॅसिटरही वयाने उतरतात, म्हणून दोन्ही स्पीकरवर एकच गाणं आलटून पालटून ऐका.

अर्थिंग तपासून घ्या आणि त्या खोलीला वेगळी लाइन ओढून घ्या, धरा १८ हजार. मे-जूनच्या विजांत प्लग भिंतीतून काढायची सवय सगळ्या घराला लागायला हवी. हवा कोरडी ठेवणारं यंत्र २० हजार. ३०० वॉटचं यंत्र दिवसाला दहा तास चाललं तर चार महिन्यांत ३६० युनिट होतात. पर्वरी, जुने गोवे, बाणस्तारी असा पिकअप आणि चार माणसं, ८ हजार. दुरुस्तीसाठी २५ हजार बाजूला. सहा लाख, त्यावर व्याज ८३ हजार, त्यावर हे सगळं: साडेसात लाखांच्या वर गेलो. विम्याचंही बघा. भारत गृह रक्षा पॉलिसी घराच्या इमारतीसाठी घेतली तर घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळतं. वीज पडून झालेलं नुकसान त्यात येतं. एरवीची घरफोडी आणि पर्वरीहून आणताना झालेली मोडतोड त्यात धरू नका.

आता कॅसेटींबद्दल, कारण माझ्या मते खरी घाई तिथे आहे.

एक कॅसेट उजेडात धरा आणि मधल्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीची कड बघा. पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. तशी कॅसेट वाजवू नका, फीतही खरवडली जाते आणि टेपरेकॉर्डरचं हेडही खराब होतं. खालच्या बाजूला, फितीच्या मागे, स्पंजचा बारीक तुकडा असतो. जुन्या कॅसेटींत त्याचा गोंद सुटून तो पडतो आणि आवाज दबका येतो. ती फितीची चूक समजून लोक कॅसेट टाकून देतात, ते करू नका. चाळीस कॅसेटी स्टुडिओत साफ करून संगणकावर उतरवून घ्यायला वीस हजार धरा आणि त्याच्या दोन प्रती करा, एक घरात, एक बहिणीकडे. हे २० हजार त्या ६८ हजारांतून आजच खर्च करा. या पैशांबाबत मला जराही शंका नाही. पर्वरीची जोडी गेली तर दुसरी मिळेल. घरं लहान होतात, माणसं गाव बदलतात, आणि ६२ किलोच्या वस्तूला गिऱ्हाईक थोडं, म्हणून मोठे स्पीकर सतत निम्म्या किमतीत विकायला निघतात. उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हाही हेच होईल, तेही लक्षात असू द्या. बाबांचा आवाज मात्र त्या फितीपलीकडे कुठेही नाही.

आणि त्या कॅसेटींत काय आहे तेही बघा. उघड्या मांडवातलं ध्वनिमुद्रण, गळा, हार्मोनियम, तबला, लोकांच्या टाळ्या. मुद्रणात जो खर्ज आलाच नाही तो कुठलाही स्पीकर निर्माण करू शकत नाही. हे पद आईंना स्वच्छ ऐकवायला मेजावरची मध्यम आकाराची, पन्नास-साठ हजारांच्या आतली जोडी पुरेल. ती चवथीला एकट्याने उचलून ठेवता येते. मोठ्या स्पीकरचा आनंद वेगळा आणि खरा आहे, पण तो तुमचा आनंद आहे. दोन्हींचा हिशोब वेगळा मांडा.

तर पर्वरीच्या गृहस्थांना आज नाही म्हणा. एप्रिल-मेमध्ये छप्पर करून घ्या. महिन्याला १५ हजारांची आवर्ती ठेव सुरू करा. वीस महिन्यांत तीन लाख होतात, वर उरलेले ४८ हजार आणि व्याज. तोवर गाडीचा हप्ता सुटलेला असेल आणि मुलगी फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जाते की गोव्याबाहेर, तेही ठरलेलं असेल. ती घरून जाणार असेल तर साडेतीन लाखांपर्यंतची वापरलेली जोडी रोखीने घ्या, कुणाला विचारू नका. बाहेर जाणार असेल तर आणखी एक वर्ष थांबा. मेजावरची जोडी आताच हवी असेल तर या ४८ हजारांच्या आत बसणारी बघा, मग मोठी जोडी तीन महिने पुढे जाईल, एवढंच.

कॅसेटींची पेटी कपाटात खालच्या कप्प्यात आहे असं तुम्ही लिहिलंय. हे पत्र वाचून झालं की ती वर काढून ठेवा. लादीची ओल सर्वांत आधी तिथेच चढते.