बटाटा आत कच्चा का राहतो?

बाहेरून फुटलाय आणि आत टणक, म्हणजे बटाटा बहुधा उकळत्या पाण्यात टाकलात. अख्खा बटाटा थंड पाण्यातच घाला, पाणी वर दोन बोटं हवं. उकळी आली की आच मंद करा. खळखळ उकळून आतलं लवकर शिजत नाही, सालं मात्र तडकतात. मध्यम बटाट्याला २०-२५ मिनिटं, अडीच सेंटिमीटरच्या फोडींना १०-१५. फोडी लहानमोठ्या चिरल्या तर निम्म्यांचा गाळ होणारच. सुरी मधोमध खुपसा, अडली तर अजून कच्चा.

रश्श्यात कितीही शिजवून फोडी मऊ होत नाहीत? टोमॅटो किंवा लिंबू आधी पडलं असणार. आंबटात बटाट्यातलं पेक्टिन, म्हणजे पेशींना जोडून ठेवणारा पदार्थ, सहज सुटत नाही. आधी बटाटा शिजवा, मग आंबट घाला.