लिनक्सवरचं खरं व्हॉट्सॲप कोणतं?

प्रश्न : ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०चे अपडेट थांबले, म्हणून मुलाने माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकून दिलं. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये व्हॉट्सॲप शोधलं तर भलत्याच नावांची, पण तसल्याच हिरव्या चिन्हाची ॲप्स आली. यातलं अधिकृत कोणतं? झूम आणि टॅलीचंही सांगा.
— एक दुकानदार वाचक, मिरज

उत्तर : एकही नाही. व्हॉट्सॲपने विंडोज आणि मॅकसाठी ॲप काढलंय, लिनक्ससाठी नाही. तुम्हाला दिसली ती हौशी मंडळींनी बनवलेली. बहुतेकांच्या पोटात व्हॉट्सॲप वेबचंच पान असतं. नावापुढे पडताळणीची खूण दिसली तरी हुरळून जाऊ नका. ज्याने ॲप बनवलं त्यानेच ते तिथे ठेवलंय, एवढंच ती खूण सांगते. तो माणूस व्हॉट्सॲपचा असतो असं नव्हे! त्यातली काही ॲप्स चांगलीही असतील, पण गिऱ्हाइकांचे हिशेब ज्यावरून जातात तिथे मी तिसरा माणूस मध्ये घेणार नाही.

त्यापेक्षा मिंटमध्ये आधीपासूनच असलेलं ‘वेब ॲप्स’ उघडा. अधिकचं चिन्ह दाबा, नाव द्या, व्हॉट्सॲप वेबचा पत्ता टाका, ब्राउझर निवडा. मेनूत आयकॉन येतो आणि खिडकीही स्वतंत्र उघडते. मग फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधून कोड स्कॅन करायचा. त्या यादीत आधीच्या खटपटीत जोडलेलं काही दिसलं, तर लगेच लॉग आउट करून टाका.

झूमला ही कटकट नाही. कंपनी स्वतःच लिनक्सचं ॲप देते. त्यांच्या संकेतस्थळावरून उबंटूसाठीची डेब फाइल (म्हणजे ॲप बसवायची फाइल; मिंट उबंटू नावाच्या लिनक्सवरच बेतलेलं असल्याने तीच चालते) घ्या, डबल क्लिक करा, पासवर्ड द्या. टेलिग्राम आणि सिग्नलचीही स्वतःची ॲप्स आहेत. गूगल ड्राइव्हचं मात्र, ते २०१२मध्ये सुरू झालं तेव्हापासून आजतागायत नाही. आणि मायक्रोसॉफ्टने टीम्स २०१९च्या डिसेंबरात दिलं ते २०२२ सरता सरता काढूनही घेतलं, तेव्हा तेही आता ब्राउझरमध्येच.

टॅली विंडोजचंच. वाइन नावाच्या सोयीने ते लिनक्सवर चालवायची खटपट लोक करतात, पण जीएसटीची तारीख तोंडावर असताना ते अडलं तर दाद कुणाकडे मागणार? दुकानातल्या मशीनवर विंडोज ११ चालत असेल तर टॅली तिथेच राहू द्या आणि मुलाला त्या मशीनला हात लावू देऊ नका.