धामणगाव ते ठाणे, रात्रीची गाडी: आईला घेऊन पहिल्यांदाच निघताय तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाभुळगावजवळच्या खेड्यातून तुम्ही आणि तुमची आई, वय ६३, डिसेंबरात भावाकडे मुलुंडला निघालात. धामणगावहून ठाण्यापर्यंत विदर्भ एक्सप्रेसचं स्लीपरचं तिकीट आहे, एस-४ डब्यात १७ आणि १८ नंबर. रात्रभराचा रेल्वेप्रवास दोघींनीही कधी केला नाही. रात्री गाडीत नेमकं काय काय होतं, झोप लागते का, सामान राहतं का, याची धास्ती आहे.

माझी लेक ठाण्याला दिली आहे, त्यामुळे हीच गाडी माझ्या नेहमीची. खरं सांगू का, रात्री काहीच होत नाही. धास्ती घ्यायचीच तर गाडीत चढतानाची दोन मिनिटं आणि सकाळी उतरतानाचा अर्धा तास, एवढ्याचीच घ्या. मधले सातशेक किलोमीटर ड्रायव्हर बघतो.

आधी चढण्याचं. धामणगाव काही जंक्शन नाही. गाडी येते, जेमतेम थांबते आणि निघते. आपल्याकडची माणसं काय करतात, फलाटाच्या मधोमध बाकावर पिशव्या मांडून बसतात आणि गाडी आली की डबा शोधत पळत सुटतात. आई बरोबर असताना हे जमायचं नाही. एस-४ साधारण कुठे लागतो ते चहाच्या स्टॉलवाल्याला किंवा हमालाला विचारा, त्यांना रोजच्या गाड्यांचे डबे पाठ असतात. 'व्हेअर इज माय ट्रेन' या ॲपवरही डब्यांचा क्रम दिसतो, पण क्रम कधी उलटा लागतो, म्हणून विचारलेलं बरं. गाडी शिरताना पहिला डबा जनरल असतो, त्याला बघून घाबरू नका, तुमचा मागे आहे. आणि समजा एस-४ पुढे निघून गेलाच, तर जो स्लीपरचा डबा समोर येईल त्यात आईला चढवा आणि मग आतल्या आत चालत जा. फक्त जनरलमध्ये चढू नका. तिथून आतून स्लीपरकडे वाट मिळेलच असं नाही, आणि वाट असली तरी त्या गर्दीतून आईला नेणार कशी?

चढताना आधी एकजण वर, मग सामान, मग आई, असं काही नको. आधी आई. सामान कोणीही वर देतं, आपल्याकडे अजून तेवढी माणुसकी आहे. बाभुळगावहून एसटीनं येणार असाल तर शेवटच्या हिशेबाची बस धरू नका, तिच्या आधीची धरा. 'उशीर झाला तर बडनेऱ्याला गाठू' हा सल्ला तुम्हाला कोणीतरी नक्की देईल, तो ऐकू नका. तिकिटावर चढण्याचं स्टेशन धामणगाव असेल आणि तिथे तुम्ही दिसला नाहीत, तर टीसी ती जागा आरएसीवाल्याला, म्हणजे ज्याला अर्धीच जागा मिळाली आहे त्याला, देऊ शकतो. बडनेऱ्याहूनच चढायचं असेल तर ते आधीच ऑनलाइन बदलून ठेवायचं असतं.

आता जागेचं. स्लीपरमध्ये आठ-आठ बर्थचे कप्पे असतात. तुमचा १७ म्हणजे खालचा, १८ म्हणजे मधला. पुढे कधी तिकीट काढलं तर हिशेब सोपा आहे: नंबरला आठनं भागा, बाकी १ किंवा ४ उरली की खालचा, २ किंवा ५ मधला, ३ किंवा ६ वरचा, ७ बाजूचा खालचा, आणि पूर्ण भाग गेला तर बाजूचा वरचा. पंचेचाळीस वर्षांवरच्या बायांना आणि ज्येष्ठांना, रिकामा असेल तर, खालचा बर्थ आपोआप देतात, म्हणून आईला १७ लागला असणार. तो कोणालाही बदलून देऊ नका. 'ताई, माझे गुडघे दुखतात' म्हणणारा गडी दर खेपेला एखादा भेटतोच, आणि त्याचा बर्थ नेमका सर्वात वरचा असतो.

पण एक गोष्ट आधीच माहीत असू द्या, नाहीतर तुम्हाला वाटेल आपली फसवणूक झाली. बर्थ रात्री दहा ते सकाळी सहापर्यंतच झोपायला तुमचा. तोवर खालचा बर्थ म्हणजे तिघांनी बसायचा बाक. तुम्ही संध्याकाळी चढाल तेव्हा तुमच्या १७ वर चौघं बसलेले असतील. वर्ध्याहून बडनेऱ्याला, अकोल्याला रोज जाणारे-येणारे, शेगावच्या दर्शनाला निघालेल्या बाया, पायाशी पोतं घेऊन बसलेले एखादे काका. यांतल्या निम्म्यांकडे स्लीपरचं तिकीट नसतं. नियमानं ते चूकच आहे. मात्र डोकं तापवून उपयोग नाही. 'काका, आमचा १७ नंबर, आईला बसू द्या' एवढं म्हटलं की 'या या माय, बसा' म्हणत सरकतात. बडनेऱ्याला थोडे उतरतात, अकोल्याला बरेच, शेगावला तर डबा हलका होतो. त्यानंतरही कोणी पायाशी पसरलंच, तर रेल्वेच्या मदतीच्या नंबरवर, १३९ वर, फोन करा किंवा त्याच नंबरवर मेसेज टाका. टीसी येतो. लगेच येतोच असं म्हणणार नाही, पण येतो.

(तुमचं तिकीट कन्फर्म आहे म्हणून ही गोष्ट कंसात: १ मे २०२५ पासून वेटिंगच्या तिकिटावर स्लीपरमध्ये बसू देत नाहीत. ऑनलाइन वेटिंग चार्ट, म्हणजे जागांची शेवटची यादी, लागल्यावर आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात, खिडकीवरचं वेटिंग फक्त जनरलला चालतं. गावाकडे अजून पुष्कळांना हे माहीत नाही. भावाला परतीचं काढायला सांगाल तेव्हा सांगून ठेवा.)

जेवण घरून न्या. गाडीतल्या जेवणावर विसंबू नका. आमचा ठरलेला डबा म्हणजे तिखट-मिठाच्या पुऱ्या, आलूची कोरडी भाजी, जवसाची चटणी आणि एखादा कांदा. रस्सा नको, वरण तर मुळीच नको. गाडीनं हिसका दिला की आईच्या लुगड्यावर. बडनेरा गेलं की जेवून घ्या, कारण अकोल्यानंतर लोक झोपायच्या तयारीला लागतात. शेगावला कचोरी मिळते. गरम असेल तर घ्या, हाताला गार लागली तर राहू द्या. समोरच्या बाई डबा उघडून 'घ्या ना ताई' म्हणतील. आपल्याकडे तेवढं चालतंच, त्या स्वतः ज्या डब्यातून खात आहेत त्यातली पुरी घ्यायला माझी हरकत नाही. पण कोणी वेगळा बिस्किटचा पुडा, चहा, थंडा आग्रहानं पुढे केला तर हात जोडायचे. 'उपास आहे' म्हणा. वार कोणता ते कोणी मोजत नाही.

मधला बर्थ हे तुमच्यासाठी नवीन यंत्र. दिवसा तो पाठ टेकायच्या जागी खाली लोंबलेला असतो. झोपताना तो वर उचलायचा आणि दोन्ही बाजूंना वरून लटकणाऱ्या साखळ्यांचे आकडे त्याच्या कडीत अडकवायचे. आकडे अडकवले की लगेच चढायचं नाही. दोन्ही हातांनी त्यावर भार देऊन, खाली ओढून बघा. एक बाजू नुसती टेकलेली असेल तर तेव्हाच निसटते. खाली आई झोपणार आहे, म्हणून दोन्ही कड्या स्वतः बघा, शेजारचा गडी 'बसली बसली' म्हणाला तरी. आणि मधला लावला की खालच्या बर्थवर ताठ बसता येत नाही, मान वाकवावी लागते. त्यामुळे आईचं जेवण, गोळ्या, संडासला जाणं सगळं उरकूनच तो वर करा.

स्लीपरमध्ये चादर-उशी मिळत नाही, ती एसीत. डिसेंबर आहे. आपल्याकडे संध्याकाळी चढताना गारवा बरा वाटतो, पण मध्यरात्री भुसावळ ओलांडल्यावर, विशेषतः नाशिक-इगतपुरीकडे, खिडकीच्या फटीतून वारा सुईसारखा लागतो. एक वाकळ, एक शाल आणि आईला कानटोपी. वाकळ जड होईल म्हणून घरी ठेवू नका. काचेची खिडकी खाली ओढा, त्यावर लोखंडी झडपही ओढा. तरी फट राहिली तर पेपर दुमडून खोचा.

झोप लागते का? पहिल्या रात्री तुटक लागते. स्टेशन आलं की दिवे, चहावाल्याची आरोळी, कोणाचं तरी बाळ. भुसावळला गाडी बरीच थांबते, तिथे जाग येणारच. 'चाय गरम' ऐकून आई उठून बसेल आणि विचारेल, आलं का ठाणं? आईला आधीच सांगून ठेवा की पहाटे इगतपुरीला उठायचं आहे, तोवर कोणतंही गाव आलं तरी आपलं नाही.

सामानाची भीती आहे तुम्हाला. खालच्या बर्थखाली लोखंडी कड्या असतात. साखळी-कुलूप घेऊन जा, फलाटावरही विकतात पण बाजारातून आधीच घेतलेलं मजबूत. मोठी पिशवी त्यात अडकवा. भावासाठी संत्री, तुरीची डाळ, गूळ असं काही नेत असालच. त्याचं पोतं सर्वात आत सरकवा, ते कोणी नेत नाही. पैसे, फोन, आईच्या गळ्यातलं आणि औषधं, हे उशाच्या पिशवीत नको, अंगावर. फोन चार्जिंगला लावून झोपू नका. बहुतेक वेळा रात्री ते पॉईंट बंदच ठेवतात. आणि सकाळी कल्याणकडे गाडी हळू झाली की खिडकीत फोन धरून बोलू नका. बाहेरून हात येतो.

संडास. हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण बायांच्या मनात तोच असतो. रात्री अकराच्या आत आणि पहाटे इगतपुरीच्या आधी जाऊन या. त्यानंतर रांग लागते आणि पाणीही कधी कधी संपतं, म्हणून एक रिकामी बाटली भरून ठेवा. आईला एकटीला पाठवू नका. दरवाज्याजवळ डबा फार हलतो, तुम्ही बाहेर उभ्या राहा आणि आतली कडी लावू नका म्हणावं. दरवाजा तुम्ही धरा.

इगतपुरीला अंधारातच जाग करा. तिथे गाडी थांबते, पुढे कसारा घाट, ज्याला थळ घाटही म्हणतात. उतार १:३७ चा आहे, म्हणजे ३७ फूट गेलं की एक फूट खाली. गाड्या तिथून सांभाळून उतरवतात. बोगदे लागतात, आईला आधी सांगा. इथून ठाणं शंभरेक किलोमीटर, म्हणून घाट लागला की मधला बर्थ खाली करा, वाकळ गुंडाळा, साखळी सोडा, चपला शोधा. चपला दर वेळी पलीकडच्या बर्थखाली सापडतात, कशा जातात कोण जाणे.

ठाण्यालाही गाडी फार थांबत नाही आणि दारात आधीच गर्दी झालेली असते. कल्याण मागे पडलं की सामानासकट दाराकडे सरका. साखळी ओढायचा मोह नको. कारणाशिवाय ओढली तर १९८९ च्या रेल्वे कायद्यात दंड आणि कैद दोन्ही आहे. उतरायचं राहिलंच तर सरळ दादरला उतरा, तिथून भावाला फोन करा, एवढंच. ठाण्याला उतरल्यावर मुलुंड एकच स्टेशन आहे खरं, पण सकाळची मुंबईकडे जाणारी लोकल आणि तुमचं डाळीचं पोतं यांचं जमणार नाही. भावाला ठाण्याला बोलवा किंवा बाहेर येऊन रिक्षा करा.

परतीचं मात्र नीट ऐका, कारण तिथे चूक होते. मुंबईहून ही गाडी संध्याकाळी सुटते आणि आपल्याकडे सकाळी लवकर पोचते, म्हणजे धामणगाव झोपेत निघून जाऊ शकतं. अकोला गेलं की उठून बसा, बडनेऱ्याला सामान काढा. १३९ वर उतरायच्या स्टेशनाआधी उठवण्याची सोय असते, ती लावा, पण फोनचा गजरही ठेवा. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तत्काळ स्लीपरचं आदल्या दिवशी सकाळी ११ वाजता. लग्नसराईत निघणार असाल तर भावाला आजच बसवा.