इंग्रज निसर्गचित्रकार कॉन्स्टेबलने ढगांची अभ्यासचित्रे कागदावर का रंगवली, आणि त्यांच्या मागे तारीख-वेळ का लिहिली?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे: ढग थांबत नाहीत. जॉन कॉन्स्टेबलने १८२१ आणि १८२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेड टेकडीवर उघड्यावर बसून ही तैलचित्रे केली, तेव्हा रंगपेटीच्या झाकणाला टाचलेला कागद त्याला हलका, स्वस्त आणि सोयीचा होता. रंग तेव्हा जनावरांच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून मिळत, कारण धातूची नळी १८४१ मध्ये आली. ओल्या रंगावरच ओला रंग चढवल्यामुळे ढगांच्या कडा आकाशात विरघळतात. ढगाच्या पोटाची करडी छटा आणि वरच्या कडेवरचा पांढऱ्याचा जाड फटकारा जवळून पाहिला, तर हात किती वेगाने फिरला असेल हे जाणवते. मागच्या बाजूला तो तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशाही नोंदवी.

ही शिस्त त्याला घरातूनच लाभली असावी, असे मला वाटते, कारण वडिलांच्या पवनचक्कीवर काम करताना वारा ओळखणे हा पोटापाण्याचा भाग होता. हवामानाचा इंग्रज अभ्यासक ल्यूक हॉवर्डने ढगांचे वर्गीकरण वीसेक वर्षांपूर्वीच, १८०२ च्या सुमारास मांडले होते, हेही ध्यानात घ्यावे. ही चित्रे प्रदर्शनासाठी नव्हतीच. मोठ्या निसर्गचित्रांतील आकाश खरे उतरावे, यासाठी केलेला तो रियाज होता.