गाडीचा ड्राइव्ह बेल्ट बदलायची वेळ झाली हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारताय तो बाहेरचा बेल्ट, गॅरेजवाले ज्याला अजूनही 'फॅन बेल्ट' म्हणतात. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, एसी आणि बऱ्याच गाड्यांत इंजिन थंड ठेवणारा वॉटर पंपही तोच फिरवतो. इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणारा टायमिंग बेल्ट वेगळा, त्याची गल्लत नको.

पहिली खूण कानाला कळते. सकाळी गाडी चालू केल्यावर किंवा एसी लावल्यावर 'चींsss' आवाज येतो. तेव्हा हात लांब ठेवून बेल्टच्या खाचांवर थोडं पाणी उडवा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर बहुधा पुली (बेल्ट ज्यावरून फिरतो ते चाक) तिरकी आहे, वाढला तर बेल्ट सैल.

मग इंजिन बंद, चावी खिशात, आणि टॉर्च मारून खाचांची बाजू बघा. जुन्या निओप्रीन बेल्टला आडव्या भेगा पडायच्या. इंचभरात तीन-चार दिसल्या की बदलायचा. हल्लीचे ईपीडीएम रबराचे बेल्ट मात्र भेगा न पडता टायरसारखे झिजतात. त्यामुळे 'भेगा नाहीत, चालेल अजून' असं कोणी म्हटलं तर मी मान डोलावत नाही. खाचा रुंद झाल्या की पुलीचे कंगोरे तळाला टेकतात आणि बेल्ट घसरतो. कडेचे धागे निघालेत किंवा बेल्ट तेलात भिजलाय? सरळ बदला.

आकडाच हवा असेल तर मी ८०,००० किमीनंतर दर सर्व्हिसला बघतो. नवा टाकताना टेन्शनरची (बेल्ट ताणून धरणाऱ्या भागाची) पुली हाताने फिरवून बघा, खरखर लागली तर तीही बदला.

धावत्या गाडीत बॅटरीचा दिवा लागून तापमानाचा काटा चढला, तर बेल्ट गेलाच समजा आणि तिथेच थांबा.