सातजण, एक टूरान आणि स्वित्झर्लंड
स्वित्झर्लंड फिरायला भाड्याने मिळणारी फोक्सवॅगनची टूरान गाडी सात सीटर आहे हे खरं, पण सातही जण बसले की डिकीत जेमतेम दोन हातपिशव्या मावतात. मोठ्या बॅगा घरीच ठेवा, नाहीतर सरळ नऊ सीटर व्हॅन बघा. शेवटच्या रांगेत पोरांना बसवा; आजींना तिथे कोंबलंत तर घरी पोहोचेपर्यंत ऐकून घ्याल! १२ वर्षांखालच्या, १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना चाइल्ड सीट सक्तीची, बुकिंगच्या वेळीच सांगा. तिथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची, त्यात गिअरही उजव्या हाताला, म्हणून ऑटोमॅटिकच घ्या. फुर्का घाट उतरताना मात्र ऑटोमॅटिकलाही मॅन्युअल मोडवर घेऊन गिअर हाताने खाली आणा, नुसता ब्रेक दाबत बसू नका. निळ्या रेघांच्या पार्किंगमध्ये काचेमागे निळी तबकडी (गाडी लावल्याची वेळ दाखवणारी पार्किंग डिस्क) लावायला विसरू नका. मी विसरलो होतो.