चिपची नको, झेरॉक्सची काळजी करा

ब्रिटनमध्ये भाड्याचं घर शोधतानाची तुमची पोस्ट वाचताना तो लेटिंग एजंट, म्हणजे घर भाड्याने देणारा दलाल, ओळखीचा वाटला. माणूस तोच नसेल, पण तऱ्हा तीच. शेअर कोड (आपला इथला हक्क ऑनलाइन तपासता यावा म्हणून सरकारी संकेतस्थळावरून काढून द्यायचा कोड) दिला तरी "जुन्या बीआरपी कार्डाच्या दोन्ही बाजू आणि पासपोर्टची सगळी पानं मेल करा, नाहीतर फ्लॅट दुसऱ्याला जाईल." (बीआरपी म्हणजे परदेशी नागरिकांना मिळायचं ते चिपवालं परवाना कार्ड.) त्यात बाबांनी सांगलीहून पाठवलेला व्हिडिओ, की पासपोर्टमधली चिप रस्त्याने जाणारा कुणीही वाचतो, फॉइलमध्ये गुंडाळून ठेव. आणि डिजिटल ओळखपत्राविरुद्धच्या याचिकेवर सही केली तर व्हिसाला धक्का बसेल का, हा तिसरा प्रश्न. ई-व्हिसाचं, म्हणजे त्या कार्डाऐवजी आलेल्या ऑनलाइन नोंदीचं, खातं कसं उघडायचं वगैरे सोडून देतो, ते तुम्ही केलेलं दिसतंय. मी वकील नाही, इथे बरीच वर्षं भाड्याच्या घरांतून फिरलेला माणूस आहे, एवढं धरून वाचा.

चिपचं आधी उरकतो. नवीन भारतीय ई-पासपोर्ट असो की इथला, चिप आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणेच चालते. ती उघडायला किल्ली लागते, आणि ती किल्ली फोटोच्या पानावर खाली छापलेल्या दोन ओळींतून बनते: पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, मुदत संपण्याची तारीख. वर अंतर काही सेंटिमीटरचं. ई-व्हिसाच्या वेळी बीआरपीची चिप फोनने वाचायची होती तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात काय कसरत चालली होती! कव्हर काढा, कार्ड फोनच्या वरच्या टोकाला धरा, हलवू नका, श्वास रोखा. टेबलावर समोर ठेवलेलं कार्ड वाचता वाचता घाम फुटतो, तिथे चालत्या माणसाच्या खिशातलं कोण वाचणार? फॉइल पोळ्यांना ठेवा.

पण किल्ली कुठे छापलेली आहे ते पुन्हा एकदा वाचा. ज्याच्या हातात त्या पानाची कॉपी, त्याच्या हातात किल्ली. खरं तर त्याला चिपची गरजच नाही. फोटो, सही, जन्मस्थळ सगळं कागदावरच आलं. माझ्या जुन्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर तर आईवडिलांची नावं आणि गावाकडचा पत्तासुद्धा आहे.

म्हणून तुमच्या एजंटबद्दल सविस्तर लिहितो. २०२२ च्या शेवटी आम्ही घर शोधत होतो. एव्हाना नियम बदललेला होता. ६ एप्रिल २०२२ पासून बीआरपी असलेल्यांच्या राहण्याच्या आणि काम करण्याच्या हक्काची तपासणी घरमालकाने आणि नोकरी देणाऱ्याने फक्त ऑनलाइन, शेअर कोडनेच करायची; कार्ड हातात घेऊन केलेली तपासणी ग्राह्यच नाही. म्हणजे कार्डाची कॉपी मागणं नुसतं जास्तीचं नव्हतं, निरुपयोगी होतं. मी सरकारी मार्गदर्शिकेचं ते पान छापून एका एजन्सीच्या काउंटरवर ठेवलं. (नाव लिहीत नाही, विचारू नका.) समोरच्या बाईंनी ते वाचलंही नाही. "कंपनी पॉलिसी." मुलाच्या शाळेचा प्रवेश पत्त्यावर अडलेला, तेव्हा दिल्या कॉप्या. फ्लॅट मिळाला नाहीच.

इथपर्यंत सगळ्यांचं होतं. पुढे काही आठवड्यांनी त्याच एजन्सीचा मेल आला, विषय "तुमच्या अर्जाबाबत", आणि जोडलेली फाइल दुसऱ्याच कुटुंबाची. नवरा, बायको, तान्ह्या बाळाचा पासपोर्ट, पगाराच्या स्लिपा. मी लगेच कळवलं, फाइल काढून टाकली, आणि विचारलं की माझी फाइल कुणाकडे गेली? उत्तर नाही. फोन केला की "तो विभाग वेगळा". तो विभाग कुठे बसतो हे त्या कार्यालयात कुणालाच ठाऊक नव्हतं. हा प्रकार मला अजून चीड आणतो, कारण चिपमधून माहिती पळवायला निदान कुणाला कष्ट तरी पडले असते.

उपयोग शेवटी एकाच गोष्टीचा झाला: लेखी अर्ज. "माझ्याबद्दल तुमच्याकडे काय काय आहे आणि ते कुणाकुणाला दिलं ते कळवा" असा सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्टचा मेल. त्याला फी नाही, आणि साधारणपणे एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. ते आल्यावर दिसलं की आमची कागदपत्रं भाडेकरूंची माहिती पडताळणाऱ्या एका कंपनीकडेही पडून होती. मग दुसरा मेल, पुसून टाका म्हणून. तुमच्या बाबतीत हे लक्षात ठेवा: घर भाड्याने दिलं तर तपासणीची नोंद भाडेकरार असेपर्यंत आणि नंतर एक वर्ष ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, तेव्हा ती पुसा म्हणण्यात अर्थ नाही. पण ज्याला घर दिलंच नाही त्याचा पासपोर्ट वर्षानुवर्षं ठेवायला कारण काय? तेच त्यांना विचारा. फोनवर नाही, मेलवर.

आणि कॉपी द्यावीच लागली तर फोटोवरून आडवं लिहा: कुणासाठी, कशासाठी, तारीख. काही जण नाक मुरडतात. मुरडू देत.

आता तुमचे बाबा म्हणतात तो मुद्दा, "आपल्याकडे आधार सगळ्यांनी घेतलं, गोऱ्यांना एवढं काय झालंय?" गंमत अशी की दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिलं आधार दिलं गेलं, आणि त्याच डिसेंबरात ब्रिटनने आपला २००६ चा ओळखपत्र कायदा रद्द केला. इथे या विरोधाला जुनी परंपरा आहे. महायुद्धातली ओळखपत्रं युद्ध संपल्यावरही चालूच होती. १९५० मध्ये क्लॅरेन्स विलकॉक नावाच्या मोटारचालकाने पोलिसाला कार्ड दाखवायला नकार दिला, खटला हरला, पण न्यायाधीशांनीच सरकारचे कान उपटले आणि १९५२ मध्ये ती कार्डं गेली. २००६ च्या कायद्यातल्या योजनेवरचा विश्वास उडायला २००७ चं प्रकरणही कारणीभूत होतं: कर खात्याने अडीच कोटी लोकांची माहिती असलेल्या दोन सीडी टपालात हरवल्या. २०११ मध्ये त्या योजनेच्या नोंदवहीच्या हार्ड डिस्क यंत्रात घालून चुरा केल्या, मंत्री फोटोला उभे.

यात आपण कुठे? आपली कार्डं राहिली. परदेशी नागरिकांना बोटांचे ठसे घेऊन चिपवालं कार्ड द्यायला २००८ च्या नोव्हेंबरात सुरुवात झाली होती, आणि ब्रिटिशांची सुटका झाली तेव्हा त्याला कुणी हात लावला नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझे ऑफिसातले मित्र होते; त्यांच्यातल्या एकालाही माझ्या पाकिटात तसंच कार्ड आहे हे माहीत नव्हतं. मग २०२४ च्या अखेरीस ते कार्डही बाद झालं. माझं मत लोकांना उलटं वाटतं, पण मला ते कार्ड हवं होतं. खिशातलं कार्ड दाखवायला कुठल्या सर्व्हरची परवानगी लागत नाही. आता माझा इथला हक्क एका वेबसाइटवर आहे आणि ती उघडली तर तो आहे. घाबरायचंच असेल तर चिपला नको, या वेबसाइटच्या मागे असलेल्या नोंदवहीला घाबरा. (जुनं बीआरपी फेकू नका, पुढच्या अर्जाला क्रमांक लागू शकतो. पासपोर्ट बदलला की खात्यात नवा जोडायला विसरू नका, विमानतळावर याच कारणाने अडकलेले लोक मी पाहिलेत. आणि शेअर कोड ९० दिवस चालतो, तेव्हा घर बघायला जायच्या आदल्या रात्रीच काढून ठेवा.)

याचिकेचं. सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधान स्टार्मर यांनी नोकरीसाठी डिजिटल ओळख सक्तीची करणार म्हटल्यावर संसदेच्या संकेतस्थळावर २५ लाखांहून जास्त सह्या झाल्या, आणि जानेवारी २०२६ मध्ये सरकारने त्या सक्तीतून पाय मागे घेतला. तिथे ब्रिटिश नागरिकांबरोबर इथले रहिवासीही सही करू शकतात, म्हणजे तुम्हीही. याचिका मांडणाऱ्याचं नाव दिसतं, सही करणाऱ्यांचं जाहीर होत नाही. व्हिसाला धोका मला तरी दिसत नाही. ठाम सल्ला हवा असेल तर विद्यापीठाच्या व्हिसा सल्लागारांना विचारा.

जाता जाता, भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्याला, कॉमनवेल्थ नागरिक म्हणून, इथे मतदानाचाही हक्क आहे. नाव जरूर नोंदवा, उमेदवार दारात आले की ओळखपत्रांबद्दल त्यांनाच विचारता येईल. फक्त तो फॉर्म भरताना "ओपन रजिस्टर"मधून नाव वगळा अशी चौकट आहे, तिच्यावर खूण करा. नाही केली तर तुमचं नाव आणि पत्ता असलेली ती यादी पैसे मोजणारा कुणीही विकत घेऊ शकतो.